१२३४५६७८९८७६५४३२१ : एका डेम्लो संख्येचे गुणधर्म

प्रस्तावना

एक हा अंक नऊ वेळा लिहून होणाऱ्या १११११११११ या संख्येचा वर्ग केला असता १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या मिळते. एकापासून नवापर्यंत क्रमाने चढणारे आणि नवापासून एकापर्यंत क्रमाने उतरणारे तिचे अंक डावीकडून वाचले काय किंवा उजवीकडून वाचले काय, संख्या तीच राहते. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त एकं, दहं, शतं यांपासून परार्धापर्यंत जी अठरा स्थाने सांगितली आहेत, त्यांपैकी सतरा स्थाने ही संख्या व्यापते. तिचा पहिला अंक 'मध्य' या स्थानी, म्हणजे परार्धाच्या एकच पायरी खाली येतो.

ही संख्या कोड्यांच्या पुस्तकांतून आणि शालेय भित्तिपत्रकांतून अनेकांच्या परिचयाची आहे. परिचयाची आहे म्हणूनच बहुधा तिच्याविषयी 'असे का?' हा प्रश्न विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात हा प्रश्न विचारावयाचा आहे आणि त्याच्या अनुषंगाने एक भेद स्पष्ट करावयाचा आहे. संख्येचे काही गुणधर्म हे त्या संख्येचे स्वतःचे असतात, तर काही गुणधर्म हे ती संख्या लिहिण्याच्या आपल्या पद्धतीचे असतात. वरील संख्येत हे दोन्ही प्रकार एकमेकांत इतके मिसळलेले आहेत की ते वेगळे करणे हाच एक बोधप्रद अभ्यास ठरतो. विविध विद्याशाखांतील अध्यापकांना हे विवेचन सुलभ व्हावे यासाठी शालेय अंकगणितापलीकडच्या साधनांचा उपयोग अगदी मोजक्या ठिकाणी केला आहे.

कापरेकर, डेम्लो आणि हार्डी यांचा आक्षेप

या संख्येला गणितात जे नाव मिळाले ते महाराष्ट्रातील एका रेल्वे स्थानकावरून मिळाले आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. पुढे १९३० ते १९६२ या काळात त्यांनी नाशिकजवळील देवळाली येथे शाळेत अध्यापन केले. १९८६ साली त्यांचे निधन झाले. जगाला ते प्रामुख्याने ६१७४ या स्थिरांकामुळे ज्ञात आहेत. १९७५ च्या मार्च महिन्यात मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधील आपल्या सदरात त्यांच्या कार्याचा परिचय करून दिला, तेव्हा कापरेकर निवृत्त होऊन तेरा वर्षे लोटली होती.

'डेम्लो' हे मुंबईपासून सुमारे तीस मैलांवरील, तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेच्या मार्गावरील आजच्या डोंबिवली स्थानकाचे नाव. या संख्यांची कल्पना तेथे सुचली म्हणून कापरेकरांनी त्यांना हे नाव दिले. 'अद्भुत डेम्लो संख्यां'वरील त्यांचे टिपण १९३८ साली प्रसिद्ध झाले. डेम्लो संख्येची त्यांची व्याख्या साधी आहे. संख्येचे डावा, मधला आणि उजवा असे तीन भाग करावेत. मधला भाग एकाच अंकाच्या पुनरावृत्तीने झालेला असावा आणि डाव्या व उजव्या भागांची बेरीज केली असता तोच अंक पुन्हा पुन्हा यावा. उदाहरणार्थ, १६५ मध्ये १ आणि ५ यांची बेरीज मधल्या सहाइतकी होते, तर २५५३ मध्ये २ आणि ३ मिळून ५ होतात. आपल्या संख्येचे १२३४५६७८, ९ आणि ८७६५४३२१ असे भाग केले तर पहिल्या व तिसऱ्या भागांची बेरीज ९९९९९९९९ येते. केवळ एक या अंकाने लिहिलेल्या संख्यांचे वर्ग, म्हणजे १, १२१, १२३२१, १२३४३२१ इत्यादी, यांना कापरेकरांनी 'अद्भुत' हे विशेषण लावले. अंकांची ही चढ-उतार नऊ संख्यांपर्यंतच टिकते आणि त्या नवांतील शेवटची संख्या हा आपल्या लेखाचा विषय आहे.

अशा अभ्यासाला गणित म्हणावे काय? १९४० साली प्रसिद्ध झालेल्या 'अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी' या ग्रंथात जी. एच. हार्डी यांनी याचे उत्तर नकारार्थी दिले आहे. आपल्या उलट्या अंकांच्या संख्येने पूर्ण भाग जाणाऱ्या चार अंकी संख्या दोनच आहेत, ८७१२ आणि ९८०१ (पहिली २१७८ च्या चौपट, दुसरी १०८९ च्या नऊपट). हे उदाहरण देऊन त्यांनी म्हटले की अशा गोष्टी वृत्तपत्रातील कोड्यांच्या सदराला शोभतील, गणितज्ञाला त्यांत काही नाही. हार्डींनी कापरेकरांचा उल्लेख केलेला नाही, तथापि त्यांचा आक्षेप कापरेकरांच्या जवळजवळ सर्व लेखनाला लागू पडतो. तो अर्धा खरा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कोणता अर्धा, ते पुढील विवेचनातून दिसेल.

हातचा नसलेली बेरीज

१११११११११ ला १११११११११ ने कागदावर गुणावे. एकाने गुणल्याने प्रत्येक ओळीत तीच संख्या येते, मात्र दर ओळीला ती एकेक घर डावीकडे सरकते. अशा नऊ ओळी झाल्या की उभ्या स्तंभांची बेरीज करावयाची. सर्वांत उजव्या स्तंभात एक एकच असतो, त्याच्या डावीकडे दोन, मग तीन, असे करीत मधल्या स्तंभात नऊ एक जमतात आणि त्यापुढे ते पुन्हा एकेकाने कमी होतात. बेरजेत कोठेही हातचा येत नाही. म्हणून स्तंभांची मोजदाद हेच उत्तराचे अंक ठरतात. या संख्येतील सगळे 'नवल' एवढेच आहे : हातचा आला नाही.

एक अंक वाढवून १११११११११ ऐवजी दहा एकांची संख्या, ११११११११११, घेतली की हे लगेच पटते. मधल्या स्तंभात दहा एक जमतात. तेथे शून्य लिहून एक हातचा डावीकडे जातो. डावीकडच्या नवाचे दहा होतात, तेथेही शून्य येऊन एक हातचा पुढे जातो. तो आठात मिळून आठाचे नऊ होतात आणि लाट तेथे थांबते. म्हणून दहा एकांचा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ असा येतो. डावीकडून वाचताना सातानंतर एकदम नऊ येतो, आठ गळून पडतो. या गळालेल्या आठाकडे आपल्याला पुन्हा यावयाचे आहे.

नऊ ही मर्यादा संख्येच्या स्वभावातून आलेली नसून दशमान पद्धतीतून आलेली आहे. आठ हा पाया घेऊन, म्हणजे शून्य ते सात एवढेच अंक वापरून लिहिले, तर सात एकांच्या संख्येचा वर्ग १२३४५६७६५४३२१ असाच सुबक येतो आणि आठ एकांपाशी तो बिघडतो. अष्टमान पद्धतीतील ही सात एकांची संख्या दशमानात लिहिली तर २९९५९३ होते आणि तिचा वर्ग ८९७५५९६५६४९. या अंकांत कोणालाही काही विशेष दिसणार नाही. संख्या तीच, पोशाख बदलला आणि सौंदर्य लोपले. हार्डींचा आक्षेप येथपर्यंत खरा आहे.

हरवलेला आठ आणि महावीराचार्य

१११११११११ ला नवाने भागले असता १२३४५६७९ मिळतात. यातही आठ नाही. हा योगायोग नव्हे. एक भागिले नऊ म्हणजे ०.१११११..., आणि त्याचा वर्ग म्हणजे एक भागिले एक्याऐंशी. न संपणाऱ्या एकांचा हा गुणाकार वरच्याच रीतीने मांडला तर स्तंभांत क्रमाने ०, १, २, ३, ... अशी मोजदाद येते. ती नवावर थांबत नाही, दहा, अकरा, बारा अशी वाढतच जाते. दहाचा हातचा नवाला लागतो, नवाचे दहा होऊन त्याचा हातचा आठाला लागतो, आणि आठाचा नऊ होतो. परिणामी १/८१ = ०.०१२३४५६७९०१२३४५६७९... हा आवर्ती दशांश अपूर्णांक मिळतो. दहा एकांच्या वर्गात आठ ज्या कारणाने गळाला, त्याच कारणाने तो येथेही गळतो.

या संख्यांची ओळख आपल्याकडे विसाव्या शतकात झाली असे मात्र नाही. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, इ. स. ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' रचला. त्यातील गुणाकाराच्या उदाहरणांत, ज्यांचे उत्तर दोन्ही बाजूंनी सारखे वाचता येते असे गुणाकार त्यांनी मुद्दाम दिले आहेत आणि अशा उत्तरांना हाराची उपमा दिली आहे. १२३४५६७९ × ९ = १११११११११ हे त्यांपैकी एक. १५२२०७ × ७३ = ११११११११ हे दुसरे. २७९९४६८१ × ४४१ = १२३४५६५४३२१ हे तिसरे उदाहरण तर आपल्या विषयाच्या अगदी निकटचे आहे, कारण १२३४५६५४३२१ हा सहा एकांचा वर्ग, म्हणजेच सहावी अद्भुत डेम्लो संख्या. डावीकडील २७९९४६८१ हा ५२९१ चा वर्ग असून ४४१ हा २१ चा वर्ग आहे, आणि ५२९१ × २१ = ११११११. या शेवटच्या समीकरणात एक एक जास्त तर पडला नाही ना, हे वाचकाने ताडून पाहावे. ५२९१ × २१ चे उत्तर सहा एकांचे, म्हणजे १११,१११ असे तीन-तीनांच्या दोन गटांचे आहे. अंकांची अशी एकसुरी माळ डोळ्यांना फसवते. मोजणीला पर्याय नाही.

या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर एम. रंगाचार्य यांनी केले व ते १९१२ साली मद्रास येथून प्रसिद्ध झाले. लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह तो १९६३ साली सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेत आला. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दीर्घ काळ अध्यापन केलेले प्राकृत भाषांचे पंडित डॉ. आ. ने. उपाध्ये हे त्या ग्रंथमालेचे एक प्रधान संपादक होते. प्राचीन गणिताचा एक प्रमुख ग्रंथ दक्षिण महाराष्ट्रातील वाचकाच्या हाती आला तो गणिताच्या विभागाकडून नव्हे, तर प्राकृत आणि जैनविद्येच्या वाटेने, ही गोष्ट आंतरविद्याशाखीय अभ्यासाची चर्चा करताना सहसा कोणी नोंदवीत नाही.

संख्येचे स्वतःचे अवयव

आता पोशाख बाजूला ठेवून संख्येकडे वळू. नऊ एकांचे तीन-तीनांचे गट केले की १११११११११ = १११ × १००१००१ हे सहज दिसते. यांतील १११ = ३ × ३७ आणि १००१००१ = ३ × ३३३६६७. म्हणून आपल्या संख्येचे मूळ अवयव असे येतात :

१२३४५६७८९८७६५४३२१ = ३⁴ × ३७² × ३३३६६७²

घातांकांत एकेक मिळवून गुणाकार केला तर ५ × ३ × ३ = ४५, म्हणजे तिला एकंदर पंचेचाळीस भाजक आहेत. गटांच्या मांडणीतून आणखी एक समीकरण मिळते : १२३२१ × १००२००३००२००१ = १२३४५६७८९८७६५४३२१. तिसरी अद्भुत संख्या नवव्या संख्येला निःशेष भागते आणि भागाकारातही १, २, ३, २, १ हेच अंक शून्यांच्या अंतराने उभे राहतात.

३३३६६७ ही मूळ संख्या आहे हे कसे ठरवावे? सरळ मार्ग म्हणजे तिच्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे ५७७ पर्यंतच्या, सर्व १०६ मूळ संख्यांनी भागून पाहणे. परंतु येथे फर्माचा लघुसिद्धांत उपयोगी पडतो. ३३३६६७ ला भाग देणारी कोणतीही मूळ संख्या ९९९९९९९९९ लाही भाग देते, म्हणून तिच्या व्यस्ताचा दशांश अपूर्णांक दर नऊ अंकांनी, किंवा नवाच्या एखाद्या भाजकाइतक्या अंकांनी, आवर्त होतो. आवर्तन एका अंकाचे असेल अशी मूळ संख्या फक्त ३ आणि तीन अंकांचे असेल अशी फक्त ३७. या दोहोंनी ३३३६६७ ला भाग जात नाही, दोन्ही वेळा बाकी एक उरते. तेव्हा आवर्तन नऊ अंकांचेच असले पाहिजे. आवर्तनाची लांबी मूळ संख्येतून एक वजा करून येणाऱ्या संख्येला निःशेष भागते, हा फर्माच्या सिद्धांताचा परिणाम. संख्या विषम असल्याने ती १८ ने भागून एक बाकी उरणारीच असावी लागते. ५७७ पर्यंत अशा मूळ संख्या, ३७ वगळता, सोळाच आहेत : १९, ७३, १०९, १२७ पासून ५४१, ५७७ पर्यंत. यांपैकी एकीनेही भाग जात नाही. एकशे सहा भागाकारांचे काम सोळांवर आले.

याच युक्तिवादातून एक अनपेक्षित फळ मिळते. नऊ अंकी आवर्तन असलेली मूळ संख्या ९९९९९९९९९ ची भाजक असलीच पाहिजे आणि तिचे मूळ भाजक ३, ३७ व ३३३६६७ एवढेच. म्हणून ज्याचे आवर्तन बरोबर नऊ अंकांचे आहे अशी सबंध संख्याविश्वात ३३३६६७ ही एकच मूळ संख्या आहे (१/३३३६६७ = ०.०००००२९९७०००००२९९७...). तसेच एक अंकी आवर्तनाची ३ ही एकटीच आणि तीन अंकी आवर्तनाची ३७ ही एकटीच. अशा मूळ संख्यांना 'अनन्य' म्हणतात आणि त्या विरळ आहेत : पहिल्या सात म्हणजे ३, ११, ३७, १०१, ९०९१, ९९०१ आणि ३३३६६७. आपल्या संख्येचे तिन्ही मूळ अवयव या यादीत आहेत. जी माळ केवळ लेखनपद्धतीची करामत वाटत होती, तिच्या आत दहा या पायाचे आणि मूळ संख्यांचे गंभीर नाते दडलेले आहे. हार्डींचा आक्षेप येथे लागू पडत नाही.

हर्षद संख्या आणि यंत्राची साक्ष

अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्येला कापरेकरांनी 'हर्षद' म्हटले. आपल्या संख्येतील अंकांची बेरीज ८१ आहे. संख्या ९² × १२३४५६७९² अशी असल्याने ८१ ने भाग जातोच, भागाकार १५२४१५७८९९७१०४१ येतो. नऊ अद्भुत डेम्लो संख्यांत हर्षद तीनच : १, १२३२१ आणि ही. कारण असे की, क एकांच्या वर्गातील अंकांची बेरीज क² असते, आणि एक ते नऊ यांपैकी क ने क एकांच्या संख्येला भाग जातो तो क = १, ३, ९ असतानाच.

हे संगणकावर पडताळू पाहणाऱ्याने सावध असावे. अपूर्णांकांसाठी संगणक जी प्रचलित रीत वापरतो तिच्यात ५३ द्विमान अंकांची अचूकता असते, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढे प्रत्येक पूर्णांक साठवता येत नाही. त्या मर्यादेपासून तिच्या दुपटीपर्यंत केवळ सम संख्या राहतात. आपली संख्या विषम आणि नेमकी या पट्ट्यात आहे. म्हणून जावास्क्रिप्टसारख्या भाषेत साधा गुणाकार केला तर उत्तर १२३४५६७८९८७६५४३२० येते. एक्सेलमध्ये पंधराच सार्थ अंक दिसत असल्याने तेथे १२३४५६७८९८७६५४३०० दिसते. गंमत अशी की, यांतील पहिल्या चुकीच्या संख्येतील अंकांची बेरीज ८० आहे आणि तिला ८० ने निःशेष भागही जातो. म्हणजे 'ही संख्या हर्षद आहे' असा बरोबर निर्णय यंत्र भलत्याच संख्येच्या आधारे देईल आणि विद्यार्थ्याला त्याचा पत्ताही लागणार नाही. पूर्णांक पूर्णांक म्हणूनच साठवणाऱ्या पायथनसारख्या भाषेत ही अडचण येत नाही.

स्वयंभू पूर्वज

कापरेकरांच्या संकल्पनांपैकी एक आपल्या संख्येला लावून पाहावयाची राहिली. कोणत्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते, पहिली ही दुसरीची जनक. १५ पासून २१ जन्मते, कारण १ + ५ = ६. जिला कोणीही जनक नाही तिला कापरेकरांनी 'स्वयंभू' म्हटले. २०, ३१, ४२, ५३ या अशा संख्या आहेत. अद्भुत डेम्लो संख्यांत १ आणि १२१ या स्वयंभू आहेत.

आपल्या संख्येचा जनक शोधण्यासाठी कोट्यवधी संख्या तपासाव्या लागत नाहीत. सतरा अंकांची बेरीज फार तर १५३ होईल, म्हणून जनक असलाच तर तो १५३ पेक्षा अधिक मागे नाही आणि त्याचे पहिले चौदा अंक, १२३४५६७८९८७६५४, आपल्या संख्येचेच आहेत. या चौदा अंकांची बेरीज ७५. उरलेल्या तीन अंकांनी होणारी संख्या 'ड' मानली, तर 'ड' आणि तिच्या अंकांची बेरीज मिळून ३२१ − ७५ = २४६ झाले पाहिजेत. संख्या व तिच्या अंकांची बेरीज यांना नवाने भागून सारखीच बाकी उरते, त्यामुळे 'ड' च्या अंकांची बेरीज ६, १५ किंवा २४ एवढीच असू शकते. तेव्हा 'ड' साठी २४०, २३१ आणि २२२ हे तीनच उमेदवार उरतात. तिघांच्याही अंकांची बेरीज ६ असल्याने फक्त २४० टिकतो. म्हणजे १२३४५६७८९८७६५४२४० हा आपल्या संख्येचा एकमेव जनक होय : त्याच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ मिळवले की १२३४५६७८९८७६५४३२१.

हीच रीत जनकाला लावावी. आता 'ड' आणि तिच्या अंकांची बेरीज मिळून १६५ व्हावयास हवेत. पुन्हा ६, १५ आणि २४ हेच पर्याय येतात, उमेदवार अनुक्रमे १५९, १५० आणि १४१. त्यांच्या अंकांची बेरीज मात्र अनुक्रमे १५, ६ आणि ६. एकही जुळत नाही. म्हणून १२३४५६७८९८७६५४२४० ही स्वयंभू संख्या आहे आणि आपली संख्या तिच्या वंशातील दुसरी. तिच्यापुढे पुन्हा ८१ मिळवून १२३४५६७८९८७६५४४०२ येते, त्या संख्येतील अंकांची बेरीजही ८१ च आहे. त्यानंतरच्या १२३४५६७८९८७६५४४८३ मध्ये ती ९० होते. याउलट तिसऱ्या अद्भुत संख्येची, १२३२१ ची, वंशावळ मागे बरीच लांब जाते : १२२८५, १२३०३, १२३१२, १२३२१ असा तिचा क्रम असून १२२८५ चाही पूर्वज शोधण्यास वाचकाला कागद-पेन्सिल पुरेशी आहे.